लेखसूचीचे मॉड्यूल आणि तिची मूळ संहिता

(महाविद्यालयीन मराठी अध्यापकांच्या कार्यशाळेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'मराठी विभाग आणि संकेतस्थळ' असा छापला आहे. तो फार मोठा आहे. मी त्यातल्या एका लहान कोपऱ्याविषयीच बोलणार आहे. आमच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर मराठी विभागाने तयार केलेली एक लेखसूची आहे. ती दाखवणारे एक छोटे मॉड्यूल संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर नेताना बंद पडले आणि ते पुन्हा चालू करायला सात आठवडे गेले. साहित्याच्या प्राध्यापिकेने या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे काहींना वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांच्या विभागांत अनुदानातून सूची, कोश, मुलाखतींचे संग्रह संगणकावर चढवणे चालू आहे, आणि ते चढवणारा माणूस उद्या गावात नसेल. म्हणून जरा तपशिलात जाते.

आधी लेखसूचीविषयी. आमच्या ग्रंथालयात जुन्या मराठी नियतकालिकांच्या बांधीव फाइली आहेत. त्यांतल्या लेखांची लेखकवार व शीर्षकवार सूची विभागातल्या अध्यापकांनी आणि एम. ए. च्या विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी कार्डांवर केली आणि मग ती संगणकात आली. तयार मॉड्यूल वापरून ही सूची दाखवता आली नसती का? दाखवता आली असती, पण चुकीच्या क्रमाने. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' च्या शेजारी बसवलेला आहे, 'व' च्या आधी. मराठी वर्णमालेत तो 'ह' च्या नंतर येतो. यंत्राला निव्वळ तक्त्यातल्या क्रमांकांवर सोडले तर 'काळ' हे शीर्षक 'कावळा' च्या आधी जाऊन बसते आणि विद्यार्थी ते 'काहूर' च्या पुढे शोधत राहतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' ची गत त्याहून वाईट. यंत्राच्या लेखी ती जोडाक्षरे, म्हणून एक 'क' मध्ये आणि दुसरे 'ज' मध्ये जाते. आमच्या सूचीत सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या नोंदी ज्ञानेश्वर आणि ज्ञानेश्वरी यांच्या. कार्डांच्या खणात त्या सर्वांत शेवटी, आणि पडद्यावर 'जोशी' आणि 'झ' यांच्या मधे कुठेतरी. म्हणून आमच्याच एका माजी विद्यार्थ्याकडून, तो तेव्हा पणजीत नोकरीला होता, खास आमच्यासाठी मॉड्यूल करून घेतले गेले. वर्णक्रमाचे काम त्याने उत्तम केले होते, हे आधीच सांगते.

संकेतस्थळ ज्या मंचावर उभे आहे त्याचे नाव डॉटनेटन्यूक. कॅनडातल्या शॉन वॉकर यांनी २००२ च्या अखेरीस, मायक्रोसॉफ्टने नमुना म्हणून खुल्या केलेल्या आयबायस्पाय पोर्टलच्या कोडवरून ते सुरू केले. विंडोज सर्व्हरवर चालते, विनामूल्य आहे, आणि त्याची रचना आपल्या वार्षिकांकासारखी आहे. चौकट मंचाची, आणि पानापानावर वेगवेगळी मॉड्यूले बसवायची. सूचनाफलकाचे एक, छायाचित्रांचे एक, तसे लेखसूचीचे एक.

आता मुद्द्याचा शब्द, कंपाइल. 'संकलन' म्हणावे तर आपल्यासमोर कवितासंग्रह उभा राहतो, म्हणून मी कंपाइलच म्हणते. माणूस लिहितो ती मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड. ती यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणे म्हणजे कंपाइल करणे, आणि त्यातून डीएलएल नावाची फाइल मिळते. सर्व्हरवर मूळ संहिताच ठेवून, पान मागितले जाईल तेव्हा सर्व्हरला ती कंपाइल करू देता येते. किंवा आपल्याच यंत्रावर आधी कंपाइल करून फक्त तयार माल पाठवता येतो. या दुसऱ्या पद्धतीला प्रीकंपाइल म्हणतात. तिला मी नावे ठेवणार नाही. पहिले पान लवकर उघडते, चुका पाठवण्याआधीच पकडल्या जातात, आणि सर्व्हरवर कोणी डोकावले तरी संहिता त्याच्या हाती लागत नाही. अडचण या शेवटच्या फायद्यातच आहे. संहिता कोणाच्याच हाती लागत नाही, मालकाच्यासुद्धा.

मे महिन्यात जुन्या सर्व्हरची मुदत संपत होती. शिवाय जुन्या जागी नवे कुठलेच मॉड्यूल बसत नव्हते. प्रवेशाचा अर्ज भरण्याचे नवे मॉड्यूल दोनदा बसवून पाहिले, दोन्ही वेळा नकार आला. तेव्हा कंत्राटदार संस्थेने नव्या सर्व्हरवर डॉटनेटन्यूकची कोरी प्रत बसवली, डेटाबेस आणला आणि आमच्या मॉड्यूलची फाइलींची घडी जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी ठेवली. सूचना दिसू लागल्या, छायाचित्रे दिसू लागली. लेखसूचीच्या पानावर मात्र यादीच नाही. कंत्राटदारांच्या माणसाने फोनवर सांगितले, "मॅडम, ते फार जुनं आहे. काढून टाका, नवीन करून देतो." नव्याचा खर्च त्याने सांगितला तो मी इथे सांगत नाही. पण काढून टाकायचे म्हणजे तो वर्णक्रमही काढून टाकायचा, हे त्याला समजावणे कठीण होते.

आमच्या संगणकशास्त्र विभागात एक तरुण सहकारी आहेत. अकरावीला ते माझ्या मराठीच्या वर्गात होते, म्हणून मी त्यांना एकेरीतच हाक मारते. त्याने पहिल्या दिवशी एकच सांगितले, ते इथल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे. मॉड्यूल चालले नाही की लोक लगेच फाइली इकडून तिकडे हलवू लागतात. ते करू नये. आधी खरी तक्रार वाचावी. बाहेरून पाहणाऱ्याला मंच मुद्दामच मोघम वाक्य दाखवतो. खरी तक्रार, फाइलीच्या नावासकट, सर्वोच्च अधिकाराच्या खात्यातून नोंदवहीत वाचता येते. त्या नोंदवहीला तिथे इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. आमच्याकडे ते सर्वोच्च खाते कोणाकडे आहे हे शोधण्यातच चार दिवस गेले. ते एका निवृत्त लेखनिकांच्या नावावर होते.

नोंदवहीतून मॉड्यूलच्या फाइलीचे नाव मिळाले. ती फाइल, जिच्यात यादीची मांडणी असायला हवी ती, त्याने साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आत एकच इंग्रजी वाक्य. अर्थ असा, की ही प्रीकंपाइल साधनाने तयार केलेली खुणेची फाइल आहे, ती पुसू नये. बस्स. मांडणी नाही, कोड नाही. "मॅडम, ही पोथी नव्हे, हे पोथीचं वेष्टन आहे," तो म्हणाला. मराठीच्या वर्गात थोडे काही शिकला असावा.

त्या एका वाक्यावरून पुष्कळ कळते. प्रीकंपाइल दोन प्रकारचे असते. एकात कोड डीएलएलमध्ये जातो आणि मांडणीच्या फाइली तशाच वाचनीय राहतात. नंतर मांडणीत बदल करता येतो. दुसऱ्यात मांडणीसुद्धा डीएलएलमध्ये जाते आणि मूळ फाइलीच्या जागी ते एक वाक्य उरते. आमच्या मित्राने दुसरा प्रकार वापरला होता, आणि तोही केवळ आमच्या मॉड्यूलवर नव्हे, तर सगळ्या संकेतस्थळावर एकदम. जुना सर्व्हर नवे मॉड्यूल का घेत नव्हता, त्याचेही उत्तर यात आले. असे संकेतस्थळ सीलबंद होते. त्याच्या मुळाशी प्रीकंपाइल्डॲप डॉट कॉन्फिग नावाची चिमुकली फाइल असते. ती सर्व्हरला सांगते, की इथले सगळे आधीच कंपाइल झाले आहे, नव्याने काही कंपाइल करायचे नाही. मग नंतर आलेली कोणतीही फाइल मागितली की सर्व्हर म्हणतो, ही प्रीकंपाइल झालेली नाही, म्हणून मिळणार नाही.

हे आम्ही कंत्राटदारांना कळवले, आणि जुन्या जागेच्या बिन नावाच्या घडीतून आमच्या डीएलएल तेवढ्या आणा, असे लेखी मागितले. डीएलएल याच घडीत, संकेतस्थळाच्या मुळाशी असलेल्या बिनमध्ये लागतात. मॉड्यूलच्या स्वतःच्या घडीत दुसरे बिन करून ठेवल्या तर सर्व्हर तिकडे पाहतही नाही. हा नेहमीचा घोटाळा आहे, म्हणून आम्ही तो पत्रात ठळक केला होता. त्यांनी काय केले, तर जुनी सगळी प्रकाशित घडी उचलून नव्याच्या मुळाशी ओतली. त्यात ती चिमुकली फाइलही आली. सोमवार होता, प्रवेशाचा आठवडा होता. साडेदहाला संपूर्ण संकेतस्थळ गेले. मंचाच्या स्वतःच्या मांडणीच्या फाइली 'प्रीकंपाइल न झालेल्या' ठरून नाकारल्या जाऊ लागल्या. बाहेर पालकांची रांग, कार्यालयात प्राचार्य. आमच्या सहकाऱ्याने ती एक फाइल मुळातून दुसरीकडे हलवली, संकेतस्थळ आपोआप पुन्हा सुरू झाले, आणि लेखसूचीचे पान पुन्हा रिकामे झाले.

म्हणजे पेच असा. ती फाइल ठेवली तर लेखसूची सोडून बाकी सगळे बंद, आणि काढली तर खुणेच्या वाक्यापलीकडे लेखसूचीत काही नाही. सीलबंद संचातला एक तुकडा मोकळ्या संचात नेता येत नाही. संहिता हवीच. आमचा मित्र आता परदेशात आहे. त्याने तत्परतेने उत्तर दिले, पण ज्या लॅपटॉपवर संहिता होती तो केव्हाच गेला. विभागाच्या कपाटात करारपत्र सापडले. त्यात 'मॉड्यूल करून, बसवून, चालू करून देणे' असे लिहिले आहे. संहिता देण्याविषयी त्यात शब्दही नाही.

आपल्याला हा प्रकार अनोळखी नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल इथे रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले, आणि त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. आपण ते वाचतो ते हस्तलिखितांच्या आधाराने. मंगळूरची १९०७ ची आवृत्ती त्यांवरूनच झाली. आमचे नेमके उलटे झाले होते. छापील प्रत हातात आणि हस्तलिखित नाहीसे. मला त्या आठवड्यात याचे जितके कुतूहल वाटले, तितकेच ते इतर कोणालाही वाटत नव्हते.

सुदैवाने या जातीच्या डीएलएलमधून संहिता बऱ्याच अंशी परत काढता येते. आयएलस्पाय नावाचे विनामूल्य साधन आहे. आमच्या सहकाऱ्याने जुन्या बिनमधल्या, 'ॲप वेब' आणि पुढे अर्थहीन अक्षरे अशा नावांच्या डीएलएल एकेक करून त्यात उघडल्या. तिसऱ्यात आमचे मॉड्यूल निघाले. ते पाहायला मी मुद्दाम गेले. कार्यांची नावे शाबूत होती आणि मित्राने ती रोमन अक्षरांत मराठीच ठेवली होती: 'वर्णक्रमलाव', 'नोंदशोध', 'उपाधीवगळ'. वर्णांची ओळही अक्षरशः जशीच्या तशी, ह, ळ, क्ष, ज्ञ. मांडणी मात्र मोडून यंत्राने लिहिलेल्या लांबलचक आज्ञांत गेली होती. ती वाचून मूळ फाइल हाताने पुन्हा लिहावी लागली. ते काम चिकाटीचे असले तरी सरळ होते.

कठीण होते ते वेगळेच. कंपाइल करताना दोन गोष्टी जातात. कार्याच्या आतल्या तात्पुरत्या चलांची नावे, आणि कोड लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेल्या टीपा. नियम राहतो, पण तो का केला ते जाते. उदाहरणार्थ, 'उपाधीवगळ' हे कार्य लेखकनामाच्या आधीचे 'श्री.', 'डॉ.', 'कै.' वगळत होते, पण 'संत' वगळत नव्हते. ही विसरभूल की विचार? सहकारी म्हणाला, "सुधारून टाकू का? दोन शब्दांचं काम आहे." मी थांबवले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हापासून आपल्याला हा प्रश्न माहीत आहे. लेखनिकाचा प्रमाद कोणता आणि ग्रंथकाराचा हेतू कोणता? आम्ही ग्रंथालयातला कार्डांचा जुना खण उघडला. खणाच्या आतल्या बाजूला तेव्हाच्या ग्रंथपालांनी सूचीचे नियम हाताने लिहून चिकटवलेले होते. संतांची नावे 'संत' याखाली एकत्र ठेवावीत, विद्यार्थी तिथेच पाहतात, असे त्यात होते. नियम राहिला. आणि या खेपेला त्याच्या शेजारी, संहितेतच, मराठीत टीप लिहिली गेली.

पुढचे तांत्रिक काम भराभर सांगते. मॉड्यूल आता स्वतंत्र प्रकल्प म्हणून बांधले. सगळा कोड एकाच, ठरलेल्या नावाच्या डीएलएलमध्ये आणि मांडणीच्या फाइली मोकळ्या. बांधताना आमच्या सर्व्हरवर मंचाची जी आवृत्ती आहे, तिच्याच आधाराने बांधले. नव्या आवृत्तीवर बांधलेले मॉड्यूल जुन्या मंचावर नेले, तर जे कार्य तिथे नाहीच त्याला ते हाक मारते आणि कोसळते. मग वर्णनपत्रिका, म्हणजे कोणती फाइल कुठे जाईल हे सांगणारी यादी, जोडून झिप केले आणि मंचाच्या स्वतःच्या बसवणी-मदतनिसाकडून बसवले. हाताने फाइली टाकल्या नाहीत. मदतनीस डेटाबेसमध्ये नोंद करतो, ती हाताने राहून जाते.

पहिल्यांदा तक्रार आली, की अमुक प्रकार सापडला नाही. मांडणीच्या फाइलीच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या वर्गाची वारस आहे ते लिहावे लागते. डीएलएलमधले त्या वर्गाचे पूर्ण नाव आणि हे नाव अक्षरशः जुळावे लागते. ते जुळवले. मग तक्रार आली, की हे नाव दोन डीएलएलमध्ये आहे, कोणते घेऊ? सोमवारी ओतलेल्या जुन्या 'ॲप वेब' डीएलएल बिनमध्येच पडून होत्या. प्रत्येक प्रकाशनात त्यांची नावे नवी पडतात. म्हणून जुन्यांवर नव्या चढत नाहीत, शेजारी साचत जातात. त्या काढल्या. मग पान उघडले, यादी आली, आणि विभागांची नावे दाखवणाऱ्या पट्टीवर नुसती प्रश्नचिन्हे. बसवणीच्या आज्ञापत्रात देवनागरी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी 'एन' अक्षर लागते. ते नसेल तर डेटाबेस तो मजकूर जुन्या अक्षरसंचातून नेतो आणि मराठी तिथेच गळते. मूळ नोंदी मात्र सुखरूप होत्या, कारण त्या आधीच्या डेटाबेसमधून जशाच्या तशा आल्या होत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ज्ञानेश्वर पुन्हा यादीच्या शेवटी जाऊन बसले.

आता अकादमीला एक विनंती, आणि ती मी लेखीही देत आहे. अनुदानातून होणाऱ्या प्रत्येक संगणकीय कामाच्या करारात, शेवटचा हप्ता मूळ संहिता मिळाल्यावरच, असे कलम घालावे. संहिता दोन ठिकाणी जमा व्हावी, संस्थेच्या ग्रंथालयात आणि अकादमीत, आणि सोबत ती कोणत्या मंचाच्या कोणत्या आवृत्तीवर बांधली याचा एक कागद असावा. त्या संहितेवरून दुसऱ्या माणसाने, मूळ करणाऱ्याच्या मदतीशिवाय, एकदा नव्याने बांधून दाखवावे. ते झाले नाही तर जमा केलेली घडी अपुरी समजावी. काही कंत्राटदार म्हणतील, संहिता ही आमची मालमत्ता. ते म्हणणे एका मर्यादेत रास्त आहे, आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील तर द्यावेत. पण मुद्रकाने छापील प्रती द्याव्यात आणि लेखकाचे हस्तलिखित स्वतःकडे ठेवावे, हे आपण पुस्तकांच्या बाबतीत मान्य करणार नाही.

एक काम अजून बाकी आहे. 'वाऱ्या' मधला 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो. एकात नुक्तावाला 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. आमच्या नोंदींत दोन्ही आहेत, कारण टंकणारे हात अनेक. त्यामुळे 'वाऱ्यावरची' असे शोधले तर अर्धेच लेख मिळतात. संहिता आता आमच्या हाती आहे, तेव्हा ही दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीत करायची असे ठरले आहे. तुमच्याकडच्या सूचींत तुम्ही 'ऱ्य' कसा टंकला आहे, ते चहाच्या वेळी मला जरूर सांगा. दोन्ही प्रकारांखेरीज तिसरा कोणी वापरत असेल, तर तोही यादीत घ्यावा लागेल.